साहेब चार मिनिटंच बसतील: बडोद्यात पदाधिकाऱ्यांचे अधिकृत फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

"साहेब चार मिनिटंच बसतील हं." सरकारी कचेरीतल्या पोर्ट्रेटचं काम घेतलंत की पी.ए.कडून हे वाक्य ऐकायला मिळणारच. आणि ते खरं असतं. महापौर असोत, जिल्हाधिकारी असोत, कुलगुरू असोत की गांधीनगरहून आलेले मंत्री, फोटोसाठी म्हणून वेगळा वेळ त्यांच्या दिवसात नसतो. दोन बैठकांच्या मधे ते येतात, खुर्चीत टेकतात, तुमच्याकडे बघतात आणि उठतात. त्यामुळे हे काम शिकायचं म्हणजे त्या चार मिनिटांच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन दिवस शिकायचे. कॅमेरा चालवणं हा त्यातला लहान भाग आहे.

मी दांडिया बाजारात काकांच्या स्टुडिओत वाढलो. काका निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचे आणि पासपोर्टच्या फोटोला आलेल्या रिक्षावाल्यालाही "बसा साहेब" म्हणायचे. गेली वीस-बावीस वर्षं मी कचेऱ्यांमधून हे काम करतोय. नवी मुलंमुली विचारायला येतात तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो, काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने.

फोन आला की

पहिला प्रश्न पैशांचा नको. पहिला प्रश्न हा: फोटो लागणार कुठे? कचेरीच्या भिंतीवर, संकेतस्थळावर, निमंत्रणपत्रिकेवर, अहवालाच्या पहिल्या पानावर की चौकातल्या फलकावर? अधिकृत फोटो एकदा काढला की तो त्या माणसाचा पदावरचा सगळा काळ चालतो, आणि पद गेल्यावरही माजी पदाधिकाऱ्यांच्या रांगेत भिंतीवर राहतो. पुढे कधीतरी श्रद्धांजलीच्या बातमीलाही तोच वापरतात. एवढं आयुष्य असलेला फोटो या महिन्याच्या फॅशनने काढायचा नसतो. पार्श्वभूमी साधी, उजेड साधा, चेहरा स्वच्छ.

आणखी चार गोष्टी विचारून घ्या. उभा फोटो हवा की आडवा (दोन्ही काढून ठेवा, विचारलं नसलं तरी). कपडे कोणते असतील. खोली कुठली आणि दुपारी ऊन कुठून येतं. शेवटचं, लेखी वर्क ऑर्डर किंवा निदान ईमेल कधी मिळेल. शेवटचा प्रश्न विचारायला नवख्यांना संकोच वाटतो. मलाही वाटायचा. एका कचेरीत तोंडी शब्दावर काम केलं, अधिकारी बदलले, आणि नव्या साहेबांच्या टेबलावर माझ्या बिलाला जोडायला एकही कागद नव्हता. अकरा महिने खेटे घातले. तेव्हापासून कागद हातात आल्याशिवाय मी स्टँड उचलत नाही.

आधी बघायला जा

कॅमेरा घेण्याआधी एक सकाळ महाराजा फतेहसिंह संग्रहालयात घालवा. राजा रविवर्मा १८८१ साली बडोद्याला आले, त्याच वर्षी तरुण सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला. राजघराण्याची त्यांनी केलेली व्यक्तिचित्रं तिथे आहेत. एकेका चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त हातांकडे बघा. नंतर फक्त खांद्यांकडे. मग नजरेकडे. पदावरचा माणूस बसवायचा कसा, याचं शिक्षण तिथे भिंतीवर टांगलेलं आहे, आणि आपण त्याच गावात राहतो.

दुसरं नाव होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३चा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. कारकीर्द गाजली ती दिल्लीत, पण म्हातारपणाची वर्षं त्यांनी आपल्या बडोद्यात काढली आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या इथेच गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. त्यांचा एक फोटो शोधून बघाच: पालम विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची वाट बघत उभे आहेत, आणि शेजारच्या पाटीवर लिहिलंय की इथे फोटो काढायला सक्त मनाई आहे. पंतप्रधानाला त्यांनी काही करायला सांगितलेलं नाही. त्या थांबल्या, तोही थांबलेला होता. १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आणि नव्या छायाचित्रकारांचं बेशिस्त वागणं हे त्याचं एक कारण त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मंचासमोर धक्काबुक्की करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगतो.

खोलीची पाहणी

शक्य असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर दोन तास आधी खोली बघा. कोठी कचेरीसारख्या जुन्या इमारतीत छत उंच असतं, त्यावर फ्लॅश उडवून उजेड खाली आणायचा बेत तिथे फसतो. नव्या कचेऱ्यांत उलट अडचण असते. छत खाली, सगळीकडे पांढरे एलईडी, भिंतीला चकाकता रंग. दिव्यांसाठी प्लग कुठे आहे, वायर कुणाच्या पायात येणार नाही ना, हे बघून घ्या. पंखा विसरू नका. छताचा पंखा चालू असेल तर पार्श्वभूमीचा कागद फडफडतो आणि साहेबांचे केस उडतात. फोटोपुरता तो बंद करायचा हे शिपाईभाईंना आधीच सांगून ठेवा.

खुर्चीच्या मागे बहुतेक ठिकाणी गांधीजींची किंवा सयाजीरावांची काचेची तसबीर असते. तिच्यात खिडकी दिसते, तुमचा दिवा दिसतो, कधी तुम्हीच दिसता. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. पुठ्ठ्याची घडी करून ती तसबिरीच्या वरच्या कडेमागे, भिंत आणि चौकट यांच्यामध्ये सरकवायची. तसबीर बोटभर पुढे झुकते, काचेत खिडकीऐवजी जमीन येते आणि चकाकी जाते. काम झालं की पुठ्ठा आठवणीने काढून घ्या.

राष्ट्रध्वज असेल तर नियम पाठ हवा. भारतीय ध्वजसंहिता २००२नुसार मंचावर ध्वज बोलणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्याला कॅमेऱ्यातून तो डावीकडे दिसतो. ध्वज भिंतीवर उभा लावला असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. तो जमिनीला टेकलेला नको, चुरगळलेला नको, आणि ध्वजाची काठी साहेबांच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसायला नको. मांडणी चुकलेली असेल तर स्वतः हात लावू नका. प्रोटोकॉल बघणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा. एकदा मी हे दहा लोकांसमोर मोठ्याने बोललो. मुद्दा बरोबर होता, पण त्या माणसाचा चेहरा पडलेला मला अजून दिसतो.

उजेड

सामान फार लागत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, दोन फ्लॅश, एक मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक), तीन स्टँड, राखाडी किंवा गडद निळा कागद. आणि प्रत्येक वस्तूला पर्याय: जादा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा), जादा बॅटरी, जादा कार्ड.

साहेबांपासून दोन ते अडीच मीटर लांब राहा. जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि चेहरा आपला वाटत नाही अशी तक्रार येते. सॉफ्टबॉक्स एका बाजूला पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर. दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टर. पार्श्वभूमी पाठीमागे दीड-दोन मीटरवर, म्हणजे तिच्यावर सावली पडत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, छिद्र (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितकं ते मोठं आणि मागचं धूसर) एफ/८च्या आसपास. मागचं सगळं धूसर करायला एफ/१.४ वापरायचा मोह नव्या मुलांना फार होतो. बराक ओबामांचा जानेवारी २००९मधला अधिकृत फोटो पीट सूझा यांनी काढला. डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेलं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं ते पहिलं अधिकृत पोर्ट्रेट. छिद्र होतं एफ/१०, लेन्स १०५ मिलिमीटरवर. दोन्ही डोळे, दोन्ही कान, कॉलर, सगळं स्पष्ट हवं, कारण हा फोटो दाराएवढा छापला जाऊ शकतो.

आता पांढरा कुर्ता. आपल्याकडे नेत्यांच्या फोटोत खरा कस लागतो तो इथेच. चेहरा सावळा, कुर्ता कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र. कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडलं तर तो कुर्त्याला घाबरतो आणि चेहरा काळवंडतो. चेहरा उजळायला गेलात तर कुर्त्याच्या घड्या, गुंड्या, खादीचा पोत सगळं जळून पांढरा ठिपका उरतो. तोडगा दिव्याच्या कोनात आहे. सॉफ्टबॉक्स वर उचला आणि त्याचं तोंड छातीवरून फिरवून चेहऱ्याकडे, किंचित चेहऱ्याच्याही पुढे न्या. दिव्याचा मधला जोर चेहऱ्यावर येतो आणि कुर्त्यावर फक्त कडेचा मऊ उजेड पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर दिव्याच्या खालच्या अर्ध्यापुढे काळा पुठ्ठा धरा. मग स्क्रीनवर फोटो मोठा करून कॉलरच्या खालची पहिली गुंडी बघा. तिची भोकं दिसली तर एक्स्पोजर बरोबर. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघाच, पण मला खात्री पटते ती गुंडीवरून. पार्श्वभूमी पांढरी असेल तर कुर्त्याची कडच हरवते, म्हणून राखाडी कागद.

चष्म्यातल्या चकाकीलाही उपाय आहे. दिवा आणखी वर न्या. तरी भिंगात पांढरा चौकोन दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या वर उचलायला सांगा. भिंगं खाली झुकतात आणि चकाकी निघून जाते. समोरून काड्या उचलल्याचं कळत नाही. कपाळावर घाम चमकत असेल तर टिश्यूने टिपायला द्या, पावडर त्यांनी मागितली तरच.

हे सगळं जमवायला खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. शिपाईभाईंना विनंती करा, साधारण साहेबांच्या उंचीचं कुणी असेल तर उत्तम, पांढरा सदरा असेल तर त्याहून उत्तम. अर्धा तास ते तुमच्यासाठी बसतात. त्यांचाही एक चांगला फोटो त्यात निघतो. तो छापून पुढच्या खेपेला त्यांच्या हातात द्या. मी नेहमी देतो. आठ-दहा घरांत मुलाच्या लग्नाच्या फोटोशेजारी तो लावलेला मी पाहिलाय.

ती चार मिनिटं

युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात विन्स्टन चर्चिल यांचा जगप्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा संसदेत भाषण करून आलेल्या चर्चिलना फोटोची कल्पनाही नव्हती. वेळ होता दोनेक मिनिटांचा. कार्शनी पुढे होऊन त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या चिडलेल्या नजरेचा फोटो निघाला, ही गोष्ट सगळे सांगतात. चर्चिलनी खोलीत पाऊल ठेवण्याआधी कार्श दिवे लावून तयार होते, हे कुणी सांगत नाही. आपण धडा घ्यायचा तो त्या दिव्यांचा.

साहेब आले की उभे राहून नमस्कार करा, आपलं नाव सांगा, खुर्ची दाखवा. बसल्यावर पहिल्या दहा सेकंदांत वरून खाली एक नजर फिरवा: केस, टिळा किंवा टिकली, कॉलर, खिशातलं पेन, खिशातला फोन (तो खिसा फुगवतो), जाकीट. बसल्यावर जाकीट खांद्यांवरून वर सरकतं आणि मान आखूड दिसते. पाठीमागची कड थोडी खाली ओढून तिच्यावर बसायला सांगितलं की खांदे नीट बसतात. साडी असेल तर पदराची पिन आणि मंगळसूत्राची वाटी मध्यावर आहे ना ते बघा. हात लावायचा नाही. "साहेब, कॉलर नीट करू का?" असं विचारून मगच. बेन (म्हणजे बाई) असतील तर त्यांच्या सहायकांना विनंती करायची. गळ्यात पक्षाचा खेस असेल तर मी नम्रपणे विचारतो की हा फोटो पदाचा आहे, खेसाशिवाय एक काढू का? आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आपल्या गावात बसणारा माणूस बहुधा गुजराती असतो, तेव्हा सूचना त्यांच्या भाषेत द्या. "दाढी जरा नीची राखजो, साहेब." गुजरातीत हनुवटीलाही दाढी म्हणतात. घरात मराठी, बाजारात गुजराती बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सोपं जातं, पण ऐन वेळी गोंधळ नको म्हणून चार-पाच वाक्यं तोंडात बसवून ठेवा. एका वेळी एकच सूचना. "खांदे सैल, मान उजवीकडे, जरा हसा" असं एका दमात सांगितलंत तर माणूस गोठतो.

पहिल्या मिनिटात खात्रीचा फोटो: सरळ नजर, तोंड मिटलेलं, शांत चेहरा. भिंतीवर जाणारा फोटो बहुतेकदा हाच असतो, तो आधी हातात हवा. दुसऱ्या मिनिटात अंग थोडं वळवून, चेहरा कॅमेऱ्याकडे, हलकं हसू. हसायला सांगून हसू येत नाही. मी विचारतो, "एम.एस.मध्ये (म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात) कुठल्या फॅकल्टीत होतात?" बडोद्यात हा प्रश्न दहातल्या आठांना लागू पडतो, आणि उत्तर देताना डोळे आपोआप उजळतात. उत्तर संपल्यानंतरचा अर्धा सेकंद तुमचा. तिसऱ्या मिनिटात उभं राहून, एक हात खुर्चीच्या पाठीवर. चौथं मिनिट राखीव ठेवा. डोळे मिटले, फ्लॅश उडाला नाही, कुणी दार उघडलं, यातलं काहीतरी होतंच.

वेळ संपली की थांबा. "अजून एक" म्हणू नका. पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतील ते याच कारणाने.

समूहफोटो

बडोदे महानगरपालिकेत १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक निवडून येतात. खंडेराव मार्केटमध्ये, म्हणजे सेवासदनात, या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तर आधी कागदावर गणित करा. पाच रांगा, एकेका रांगेत पंधरा-सोळा जण, माणशी अर्धा मीटर धरला तर रुंदी आठ मीटर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला दोन्ही कडांना जागा ठेवून बारा-तेरा मीटर मागे जावं लागेल. जागा आहे का? नसेल तर ३५, पण त्याहून रुंद लेन्स नको, कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात. एफ/८, फोकस दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर.

कोण कुठे बसेल हे तुम्ही ठरवू नका. मानाच्या क्रमाची लेखी यादी कचेरीकडून मागून घ्या, खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा, आणि बदल झाला तर तो त्यांनाच करू द्या. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी हिशेब करून सांगितलंय की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा, त्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निघेल. उजेड कमी असेल तर दोनने भागा. शहात्तर माणसांना तो हिशेब पुरत नाही. तिथे मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो, तीनपर्यंत मोजतो आणि तीनला उघडायला सांगतो. मग लगेच चार-पाच फ्रेम.

कार्यक्रम आणि मोठे दौरे

अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहातला कार्यक्रम असो किंवा मैदानावरची सभा, आधी जाऊन मंच बघा. समई मंचाच्या पुढच्या कडेला सरकवून घ्या. मग तिच्यापुढे उभं राहायला जागाच उरत नाही, पाहुणे मागे उभे राहतात आणि त्यांचे चेहरे दिसतात. नाहीतर दीपप्रज्वलनाच्या फोटोत पाच पाठी येतात. पुष्पगुच्छ देताना तो छातीच्या खाली आल्यावर फोटो घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या दिव्यांखाली फोटोत पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करा. मागे एलईडीची भिंत असेल तर तिथे वेगळं वागतं, म्हणून कार्यक्रमाआधी दोन-तीन शटरवर तिचे फोटो काढून बघा.

२८ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ एकाच दिवशी बडोद्यात होते. सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन आणि लक्ष्मी विलास राजवाड्यात भोजन असा कार्यक्रम होता. अशा दौऱ्यात पास आधी मिळवावा लागतो, ओळखपत्र आणि पोलिसांची पडताळणी होते, कार्यक्रमाच्या कित्येक तास आधी आत जावं लागतं. पंतप्रधान असतील तर सुरक्षा एसपीजीची, म्हणजे त्यांच्या खास सुरक्षा दलाची. सामान उघडून दाखवायचं, कॅमेरा चालू करून एक फोटो काढून दाखवायचा, आणि नेमून दिलेल्या जागेवरून हलायचं नाही. जॅमरमुळे वायरलेस चालेनासं होऊ शकतं, म्हणून वायर आणि कार्ड रीडर खिशात ठेवा. पाणी प्या, जेवून जा.

मंचावर टिपलेली एखादी हालचाल किती दूर जाते, हे बडोद्याला वेगळं सांगायला नको. १२ डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज बादशहासमोर एकदाच वाकले आणि पाठ फिरवून परत गेले. ते चित्रफितीत टिपलं गेलं, इंग्लंडमध्ये पडद्यावर दाखवलं गेलं आणि त्यावरून मोठा गहजब झाला. घास तोंडात असताना, जांभई देताना, चप्पल घालताना टिपलेला अधिकृत पाहुण्याचा फोटो मी कुणाला देत नाही. पण घडलेली खरी गोष्ट, हात मिळवला की नाही, कोण कुणाकडे बघत होतं, ती तशीच ठेवतो. दोन्हींत फरक आहे आणि तो जपायला हवा.

घरी आल्यावर

रिटचिंगचा माझा नियम काकांकडून आलाय: आठवड्यात जाणारं काढा, आयुष्यभर राहणारं ठेवा. पुटकुळी, दाढी करताना लागलेलं, इस्त्रीची चूक काढून टाका. तीळ, व्रण, सुरकुत्या, पांढरे केस राहू द्या. हल्ली एका बटणावर माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, पार्श्वभूमी बदलते, नसलेला माणूस शेजारी उभा राहतो. अधिकृत फोटोत हे करू नका, कुणी गळ घातली तरी. फोटो आरशासारखा उलटाही करू नका. सदऱ्याचा खिसा दुसऱ्या बाजूला जातो, घड्याळ दुसऱ्या हातात जातं, आणि ते घरच्यांना पहिल्या नजरेत कळतं.

नावांची यादी फोटोइतकीच महत्त्वाची. एका संस्थेच्या समूहफोटोत सारख्या आडनावाच्या दोन सदस्यांची नावं माझ्याकडून अदलाबदल झाली. फोटो छापून, चौकटीत बसवून, भिंतीवर लागला. त्यातले एक सदस्य वयस्कर होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा नातू फोटो बघायला आला आणि त्याला आजोबांच्या जागी दुसरं नाव दिसलं. सगळ्या प्रती मी स्वतःच्या खर्चाने बदलून दिल्या, घरी जाऊन क्षमाही मागितली. आता मी डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार नावं लिहितो, हुद्दा आणि तारीख लिहितो, कचेरीकडून सही करून घेतो आणि तोच मजकूर फाइलच्या आत माहितीच्या रकान्यातही भरतो, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी नावं तिच्याबरोबर जातात.

हक्क, कायदा, पैसे

कॉपीराइट कायदा १९५७नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, आणि सरकारी कामात सरकार. म्हणून स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून तो वापरायचा असेल तर तशी एक ओळ वर्क ऑर्डरमध्येच घालून घ्या. पंतप्रधानांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरायला १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याने बंदी आहे. त्यात दिनदर्शिकेपुरती सवलत आहे, पण तिच्यावर फक्त उत्पादकाचं आणि छापणाऱ्याचं नाव चालतं आणि मालाची जाहिरात चालत नाही. त्यामुळे स्टुडिओच्या पाटीवर असा फोटो लावू नका. अशोकस्तंभाचं राजचिन्हही आपल्या कार्डावर छापायचं नाही, त्यासाठी २००५चा वेगळा कायदा आहे.

सरकारी जाहिरातीत कुणाचा फोटो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५मध्ये ठरवून दिलं: राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश. मार्च २०१६मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही मुभा मिळाली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की फलक झाकले जातात, छपाई थांबते. तुमचं काम त्या काळात अडकू शकतं, तेव्हा आगाऊ रक्कम घेताना तारखा बघा.

आणि फाइली. त्याच रात्री दोन डिस्कवर प्रत करा, कार्ड तोवर पुसू नका. दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी गावात शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरची तळमजल्यावरची सगळी कपाटं पाण्याखाली गेली, चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह आणि दोन्ही डिस्कसकट. माझी दुसरी डिस्क पुण्याला बहिणीकडे असते, दर दिवाळीला मी ती बदलून आणतो.